प्राथमिक वर्गात मुलगा-मुलगी समानता: नव्या शिक्षकांनी सुरुवात कुठून करावी

प्राथमिकचा वर्ग पहिल्यांदा हाती आला की समानतेसाठी काहीतरी करावं असं बहुतेक शिक्षकांना मनापासून वाटतं. मग भिंतीवर एक पोस्टर लागतं, एक तास 'मुलगा-मुलगी एकसमान' या विषयाला दिला जातो, मुलं माना डोलावतात. आणि तास संपताच 'चला, मुलांनी बाकं उचला, मुलींनी फळा पुसा' असं म्हणून वर्ग पुन्हा जुन्याच वाटेने चालू लागतो. सहा-सात वर्षांचं मूल भाषणातून फार थोडं घेतं. रोज जे दिसतं, रोज जे करावं लागतं, ते मात्र नेमकं टिपतं. म्हणून इथला क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी शिक्षकाच्या सवयी, मग वर्गाची घडी, आणि समानतेवरचे पाठ बऱ्याच नंतर.

एवढ्या लहान वयात हे कशाला, असं सहकारी विचारतील. त्यांना एक अभ्यास जरूर सांगा. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिन ब्यान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई चिंपियन यांचं संशोधन आलं. लहान मुलांना एका 'खूप खूप हुशार' व्यक्तीची गोष्ट सांगितली, ती बाई की पुरुष हे कळू दिलं नाही, आणि मग अनोळखी बायका-पुरुषांच्या चित्रांतून ती व्यक्ती ओळखायला सांगितलं. पाच वर्षांच्या मुली बाईचं चित्र निवडत होत्या आणि मुलगे पुरुषाचं. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र बाईकडे बोट दाखवणाऱ्या कमी झाल्या. त्याच वयाच्या मुली 'खूप हुशार मुलांसाठीचा खेळ' म्हणून दाखवलेल्या खेळापासून दूरही राहू लागल्या. विशेष म्हणजे शाळेत चांगले गुण मुलींना मिळतात हे या मुलींना माहीत होतं. म्हणजे मुलींना गुण भरपूर मिळतात एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. पहिली-दुसरीतच मनात काहीतरी घट्ट बसायला लागलेलं असतं.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त मोजा

या आठवड्यात काहीही बदलू नका. वर्गाच्या बैठकीचा नकाशा एका कागदावर काढा, प्रत्येक मुलासाठी एक चौकोन. दिवसातला एकच तास निवडा, शक्यतो गणिताचा किंवा विज्ञानाचा. ज्याला प्रश्न विचाराल त्याच्या चौकोनात एक उभी रेघ. हात वर न करता कोणी उत्तर ओरडलं आणि तुम्ही ते स्वीकारलंत, तर गोल. त्याच मुलाला पुढे 'का?', 'कसं काढलंस?' असं विचारलंत, तर फुली. 'गप्प बस', 'नीट बस' म्हटलंत, तर ठिपका.

शिकवता शिकवता खुणा करणं जड जातं. एखाद्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवून हे काम दिलं तर उत्तम. ते जमत नसेल तर मुख्याध्यापकांना विचारून आपल्या तासाचा आवाज रेकॉर्ड करा, खुणा झाल्या की तो पुसून टाका.

आठवड्याच्या शेवटी कागद समोर ठेवून बसाल तेव्हा नुसत्या रेघा मोजून थांबू नका. रेघा पुष्कळदा दोन्हीकडे सारख्याच निघतात आणि आपल्याला हायसं वाटतं. खरी गोष्ट गोल आणि फुल्या सांगतात. मुलींना 'उत्तर काय आलं?' आणि मुलग्यांना 'कसं आलं?' असं विचारलं जात असेल, तर विचार करण्याची मेहनत एकाच बाजूला दिली जातेय. ठिपक्यांकडेही तितक्याच बारकाईने पाहा. तेवढ्याच कुजबुजीला मुलग्याला ओरडा बसतो आणि मुलगी नजरेतून सुटते, असं होत असेल तर तो मुलग्यावर अन्याय आहे. आणि ज्या चौकोनांत आठवडाभरात एकही खूण पडलेली नाही, त्या मुलांची नावं वेगळी लिहून ठेवा. तुमचं काम त्यांच्यापासून सुरू होतं.

दुसरी पायरी: 'मुलं इकडे, मुली तिकडे' बंद करा

ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक पायरी आहे, आणि नेमकी हीच सुटते. रांगा दोन, हजेरीपटावर आधी मुलगे मग मुली, प्रश्नमंजूषेत मुलगे विरुद्ध मुली, 'बघा, मुली किती शांत बसल्यात' हा शेरा. यातलं काहीच वाईट हेतूने होत नाही. पण मानसशास्त्रज्ञ रिबेका बिगलर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका याच सवयींवर आहे. ६ ते ११ वर्षांच्या मुलांच्या काही वर्गांत शिक्षकांना बैठक, कामं, सूचना असं सगळं मुलगा-मुलगी या भेदावर बेतायला सांगितलं होतं, तर काही वर्गांत प्रत्येक मुलाला नावाने हाक मारायला. थोड्याच आठवड्यांत पहिल्या प्रकारच्या वर्गातली मुलं 'हे बायकांचं काम, हे पुरुषांचं' असं अधिक ठामपणे म्हणू लागली. शिक्षकांनी मुलगे श्रेष्ठ की मुली श्रेष्ठ असं एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. नुसती विभागणी पुरेशी ठरली.

तेव्हा हजेरी आडनावाच्या किंवा पहिल्या नावाच्या अक्षराप्रमाणे लावा. रांग एकच करा. गट पाडायचे तर वाढदिवसाच्या महिन्यावरून, चिठ्ठ्यांवरून, नावातल्या अक्षरांच्या संख्येवरून पाडा, मुलांना त्यात मजाही येते. वर्गातल्या कामांचा तक्ता करा आणि बाकं सरकवणं, झाडणं, वह्या वाटणं, पाहुण्यांचं स्वागत, मॉनिटरची जबाबदारी ही सगळी कामं दर आठवड्याला फिरू द्या. जड वस्तू उचलायची असेल तर 'कोण उचलू शकेल?' एवढंच विचारा. प्राथमिकच्या वयात मुलगे आणि मुली यांच्या ताकदीत फार अंतर नसतं. पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावर तर पुष्कळ मुली वर्गातल्या मुलग्यांपेक्षा उंच असतात.

एक सवय स्वतंत्रपणे सांगायला हवी. दंगेखोर मुलग्याला शांत करायचं म्हणून त्याच्या शेजारी अभ्यासू मुलगी बसवतात. त्या मुलीने काय गुन्हा केला? तिचं शिकणं बाजूला राहतं आणि दुसऱ्याला सांभाळणं ही तिची जबाबदारी होऊन बसते. मुलग्यालाही कळतं की मुलीशेजारी बसणं ही शिक्षा आहे. ही बैठक असेल तर आजच मोडा.

तिसरी पायरी: प्रश्न, थांबणं आणि शाबासकी

वर्गात प्रश्न टाकला की आपण किती थांबतो? मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हे मोजलं होतं. शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, असं त्यांना दिसलं. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलं की उत्तरं लांबतात, अधिक मुलं बोलतात, एरवी गप्प बसणारीही तोंड उघडतात. एका सेकंदात उत्तर देतो तो धीट, किंवा ओरडायची मुभा मिळालेला. प्रश्न विचारून मनात एक-दोन-तीन म्हणायचं, तोवर कोणाचंच नाव घ्यायचं नाही, एवढा नियम स्वतःला लावून घ्या. पहिले काही दिवस ती शांतता अंगावर येते. मुलांना सांगून टाका की ही विचार करायची वेळ आहे.

नाव काढण्यासाठी डब्यात सगळ्यांच्या नावाच्या काड्या ठेवा. काढलेली काडी पुन्हा डब्यातच टाकायची, नाहीतर एकदा नाव आलेलं मूल 'सुटलो' म्हणून तासभर स्वस्थ बसतं. ओरडून आलेलं उत्तर बरोबर असलं तरी घेऊ नका. हा नियम सगळ्यांना सारखा असला की कोणी दुखावत नाही. बुजऱ्या मुलासाठी आधी जोडीदाराशी बोलायला अर्धा मिनिट द्या, मग काडी काढा. 'आमच्या दोघांना असं वाटलं' म्हणून सुरुवात करणं 'मला असं वाटतं' म्हणण्यापेक्षा सोपं जातं.

शाबासकीचे शब्द तपासण्यासाठी तपासलेल्या वह्यांचा एक गठ्ठा काढा आणि आपलेच शेरे वाचा. मुलींच्या वहीत 'सुंदर अक्षर', 'नीटनेटकं काम' आणि मुलग्यांच्या वहीत 'छान विचार केलास, पण अक्षर सुधार' असं दिसतंय का? मग एका मुलीला टापटिपीचं कौतुक मिळतंय आणि मुलग्याला डोक्याचं. यावर साधा उपाय म्हणजे शेरा कृतीवर लिहायचा: 'दुसऱ्या रीतीने पडताळून पाहिलंस, हे आवडलं.' 'चूक कुठे झाली ते तूच शोधलंस.' असा शेरा दोघांनाही सारखाच उपयोगी पडतो. मुलीच्या फ्रॉकचं, केसांचं कौतुक करत तिचं स्वागत आणि मुलग्याचं 'काय पैलवान!' म्हणून, हेही सोडून द्या. दारात दोघांनाही 'काल काय नवीन पाहिलंस?' असं विचारता येतं.

गणिताबद्दल बोलताना विशेष जपावं लागतं. सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिली-दुसरीच्या वर्गांचा अभ्यास मांडला. त्या वर्गांच्या शिक्षिका होत्या. ज्या शिक्षिकेला गणिताची धास्ती जास्त, तिच्या वर्गातल्या मुली वर्षअखेरीस 'गणित मुलग्यांचं, वाचन मुलींचं' असं मानण्याकडे अधिक झुकलेल्या होत्या, आणि अशा मुलींची गणितातली प्रगतीही कमी होती. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणून 'मलाही लहानपणी गणित यायचं नाही हं' असं मुलीला धीर द्यायला म्हणू नका. त्यापेक्षा फळ्यावर एखादं गणित तिच्यासोबत अडखळत, मोठ्याने विचार करत सोडवा.

चौथी पायरी: गटकामात हात कोणाचे चालतात?

सेल, तार आणि छोटा दिवा घेऊन चार मुलांचा गट टेबलाभोवती बसला आहे असं धरा. पहिल्या मिनिटाला एखादा मुलगा तार हातात घेतो. दुसरा सेल पकडतो. एक मुलगी 'माझं अक्षर चांगलं आहे' म्हणून, किंवा तसं इतरांनी ठरवल्यामुळे, वही ओढते. दुसरी बघत राहते. दिवा लागतो, चौघं टाळ्या वाजवतात, लांबून आपल्याला छान गटकाम दिसतं. पण विजेचं मंडल जोडायला शिकला तो तार हातात घेणारा मुलगा एकटाच.

यासाठी चार चिठ्ठ्या करा: साहित्य, नोंद, प्रश्न, मांडणी. 'साहित्य' ज्याच्याकडे त्यानेच वस्तू हाताळायच्या. 'नोंद' वाल्याने लिहायचं. 'प्रश्न' वाल्याने 'असं केलं तर काय होईल?' विचारायचं. 'मांडणी' वाल्याने शेवटी वर्गाला सांगायचं. ठराविक वेळाने टाळी वाजवा, सगळ्या वस्तू टेबलावर ठेवायच्या आणि चिठ्ठी उजवीकडच्याला द्यायची. प्रयोग तेवढ्या वेळात चार फेऱ्यांचा होत नसेल, तर पुढच्या तासाला तेच गट आणि फिरवलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठी फिरली तरी हात मध्ये घालणारं मूल असतंच. त्याला रागावू नका, 'तोंडाने सांग, हात तिचे' एवढं म्हणा. संगणकाच्या तासाला माऊस कोणाकडे आहे, तेही असंच पाहा.

पाचवी पायरी: मैदान

मधल्या सुट्टीत पाच मिनिटं कोपऱ्यात उभं राहून मैदानाचा नकाशा काढा. पुष्कळ शाळांत मधली मोठी जागा चेंडू खेळणाऱ्या थोड्या मुलग्यांकडे असते. मुली आणि चेंडू न खेळणारे मुलगे कडेकडेने फिरतात. चेंडू बंद करणं हा उपाय नव्हे, त्याने फक्त चिडचिड वाढते. मधली जागा वारांप्रमाणे वाटून द्या, मुख्य मैदानावर रोज चेंडूचाच खेळ नको. दोरीच्या उड्या, पकडापकडी यांनाही ती जागा मिळू दे. आणि खेळाच्या तासाला चेंडू फेकणं, झेलणं, लाथाडणं सगळ्यांना रीतसर शिकवा. 'मुलींना आवडत नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा बरेचदा त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. मुलग्यांना नाच आणि तालाचे प्रकार शिकवतानाही हेच लक्षात ठेवा.

सहावी पायरी: चिडवणं, आणि त्या क्षणी काय बोलायचं

'मुलीसारखा रडतोस काय?' 'ती बाहुल्यांशी खेळते, तो पण!' 'तुझा नवरा आला.' ही वाक्यं वर्गात हमखास कानावर येतात. त्या क्षणी गोंधळून आपण हसतो किंवा दुर्लक्ष करतो. म्हणून उत्तरं आधीच तयार ठेवा, छोटी आणि शांत. 'रडू कोणालाही येतं. त्याला आता काय हवंय ते विचारूया.' 'खेळ खेळणाऱ्याचा असतो.' 'आपल्या वर्गात मैत्रीवरून कोणाला चिडवत नाहीत.' लांबलचक समज नको, त्याने चिडवलेल्या मुलावर सगळ्यांचे डोळे खिळतात. चिडवणाऱ्याशी नंतर एकट्याने बोला.

इथे मुलग्यांबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. समानतेचं काम म्हणजे मुलींना पुढे आणणं, एवढाच अर्थ घेतला तर अर्धा वर्ग बाहेर राहतो. ज्या मुलग्याला दुखतंय हे सांगायची परवानगी नाही, भीती वाटते म्हणायची सोय नाही, तो हातांनी बोलायला लागतो आणि मग त्याच्या नावापुढे ठिपके वाढतात. रोज सकाळी एक मिनिट 'आज मला कसं वाटतंय' असा फेरा घ्या. शिक्षकाने, विशेषतः पुरुष शिक्षकाने, 'आज मी जरा उदास आहे' असं सहज म्हटलं की मुलगे चकित होऊन ऐकतात आणि काही दिवसांत स्वतः बोलू लागतात. वाचनाकडे, चित्रांकडे, लहानग्यांची काळजी घेण्याकडे ओढ असलेला मुलगा दिसला तर त्याला जपा. आणि मुलगा-मुलगी या कप्प्यांत सहज न बसणारं एखादं मूल वर्गात असू शकतं. दोन रांगा मोडण्याचा सर्वांत मोठा आधार त्याला मिळतो.

सातवी पायरी: पुस्तकं आणि चित्रं

मुलांना 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' म्हणा, अधिक काही सांगू नका. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांनी अशी चित्रं काढली होती. बाई शास्त्रज्ञ फक्त २८ चित्रांत होती, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. २०१८ मध्ये डेव्हिड मिलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पाच दशकांच्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा हे प्रमाण बरंच वाढलेलं दिसलं. मात्र वय वाढतं तसे पुरुष शास्त्रज्ञ अधिक काढले जातात, हेही दिसलं. आपल्या वर्गातली चित्रं तारीख घालून जपून ठेवा, शेरा न मारता.

पाठ्यपुस्तकातली चित्रं मुलांकडूनच मोजून घ्या. तिसरीपासूनची मुलं हे झकास करतात: घराबाहेर किती बायका, किती पुरुष, कोण काम करतंय, कोण नुसतं बघतंय, बोलण्याची वाक्यं कोणाच्या तोंडी. आकडे फळ्यावर, मग स्तंभालेख. गणिताचा तासही होतो. संयुक्त राष्ट्रांनी १९७९ मध्ये स्वीकारलेल्या स्त्रियांवरील भेदभाव संपवण्याच्या करारातल्या दहाव्या कलमात पाठ्यपुस्तकं सुधारून साचेबद्ध भूमिका काढून टाकण्याची गोष्ट थेट लिहिलेली आहे, त्यामुळे हे काम कोणाला जादाचं वाटू नये. खटकणारं पान गाळू नका. 'इथे बाबा काय करत असतील? चित्र पुन्हा काढूया' म्हणा.

थोर स्त्रियांच्या गोष्टी सांगाव्यात, पण दोनच नावं पुन्हा पुन्हा नकोत. मेरी क्युरींना १९०३ आणि १९११ असे दोनदा नोबेल मिळालं, हे ऐकून मुलगी भारावते आणि 'त्या वेगळ्याच होत्या' म्हणून बाजूलाही सारते. शेजारची वीज दुरुस्त करणारी ताई किंवा रुग्णांची शुश्रूषा करणारा दादा वर्गात येऊन आपली हत्यारं दाखवतो, तेव्हा मुलं हात लावून पाहतात. पाहुण्याला 'बाई असून हे कसं जमतं?' असं विचारायला लावू नका. काम कसं होतं, तेच विचारू द्या.

आठवी पायरी: आता पाठ घ्या

इथवर आलात की समानतेवरचा तास खरा वाटू लागतो. माझा आवडता उपक्रम म्हणजे कामाचं घड्याळ. मुलांनी घरातल्या किंवा जवळच्या दोन मोठ्या माणसांना विचारून सकाळपासून रात्रीपर्यंत कोण काय करतं ते एका गोल घड्याळात रंगवायचं. कोणाच्या घरात एकच मोठं माणूस असेल, आजी असेल, कोणी वसतिगृहात असेल, म्हणून 'आई-बाबा' असं न म्हणता 'दोन मोठी माणसं' म्हणा. घड्याळं भिंतीवर लावू नका आणि घरांची तुलना करू नका. फक्त दोन प्रश्न विचारा: विसाव्याची वेळ कोणाला मिळते? यातलं कोणतं काम तू या आठवड्यात करू शकशील? शर्टाचं बटण लावणं, भांडी घासणं, सायकलची हवा भरणं ही कौशल्यं सगळ्यांना वर्गातच शिकवा.

चौथी-पाचवीत शरीराबद्दल बोलणं टाळता येत नाही. काही मुलींना पाळी नवव्या-दहाव्या वर्षीही येते. पॅड कुठे ठेवले आहेत हे मुलींना न विचारता कळायला हवं, स्वच्छतागृहाची कडी चालू हवी, पाणी हवं. मुलग्यांनाही तीच माहिती साध्या शब्दांत द्या. माहिती नसते तिथेच खिदळणं सुरू होतं.

पालकांशी बोलताना

काही पालक म्हणतील, 'आमच्या मुलाला झाडू कशाला?' वाद घालू नका. 'स्वतःचं काम स्वतः करता येणं' हे शब्द जवळपास प्रत्येक पालकाला पटतात, तिथून सुरुवात करा आणि मुलाची एखादी खरी प्रगती दाखवा. पालकसभेची चिठ्ठी फक्त आईच्या नावाने पाठवू नका. बैठकीची वेळ कामावर जाणाऱ्यांनाही जमेल अशी ठेवा आणि मुलांच्या अभ्यासाबद्दल बाबांनाही थेट विचारा. एखादी मुलगी वारंवार गैरहजर असेल, धाकट्या भावंडांसाठी घरी थांबत असेल, तर तो विषय समजावणीने सुटेल असं धरू नका. मुख्याध्यापकांना लगेच सांगा.

पुन्हा मोजा

दोन-तीन महिन्यांनी तोच नकाशा, तोच विषय, शक्य तर तोच सहकारी. रेघा, गोल, फुल्या, ठिपके. सगळं बदललेलं नसेल. फुल्या हलल्या असतील तर पुढच्या टप्प्यात ठिपके घ्या, एका वेळी एकच खूण. वर्ष संपताना दोन्ही नकाशे पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांकडे द्या, आणि सुरुवातीला ज्यांचे चौकोन कोरे होते व आता बोलू लागली आहेत, त्या मुलांची नावं वर ठळक लिहा, म्हणजे नव्या वर्गात पहिल्या दिवसापासून त्यांना विचारलं जाईल.